शाळेत ऐकून घेणारं कोण? सार्वजनिक शाळा आणि मुलांच्या मनाचा इतिहास



आजचा विषय आहे शाळेतल्या मुलांचं मानसिक आरोग्य. हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. करोनाच्या काळानंतर तर परिपत्रकांत, वर्तमानपत्रांत, पालकसभेत सगळीकडे तो आहे. त्यामुळे असा एक समज झालाय की मुलांच्या मनाचा प्रश्न आत्ता कुठं उभा राहिला, पूर्वीची मुलं काटक होती. इतिहास उघडून पाहिला तर तसं दिसत नाही. दुःख होतंच, त्याची नोंदही आहे. फरक पडत गेला तो ते ऐकून कोण घेतं यात. आज आपण तेवढाच धागा धरून जाऊ.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की टाय, बस आणि भरमसाट फी डोळ्यांपुढं येते. आपल्याला त्या शाळा अभिप्रेत नाहीत. सार्वजनिक शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, महापालिकेची, सरकारी आश्रमशाळा, आणि अनुदानावर किंवा लोकवर्गणीवर उभं राहिलेलं गावातलं हायस्कूल. जिथं दार सगळ्यांना उघडं आहे, निदान असायला हवं, ती शाळा.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं. त्यामुळे इतिहासात शिरण्याआधी एक तात्त्विक खुंटी ठोकून ठेवावीशी वाटते. पुढं तिला बरंच काही अडकवता येईल.

दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळतं कसं? न्यायदर्शनानं ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपलं स्वतःचं दुःख आपल्याला थेट कळतं. दुसऱ्याचं तसं कळत नाही. तिथं मुख्यतः दोन वाटा उरतात. एक अनुमानाची. धूर दिसला की अग्नी असणार, तसं मुलाचे गुण घसरले, डबा न उघडता परत गेला, पुढच्या बाकावरचं मूल मागं सरकलं, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. दुसरी वाट शब्दाची. मूल स्वतः सांगतं आणि आपण ते खरं धरतो. पण नैयायिक अट घालतात की सांगणारा ‘आप्त’ हवा. आप्त म्हणजे इथं नातेवाईक नाही. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन आपल्या भाष्यात आवर्जून सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. या यादीत मूल नाही. पण लक्षण लावून पाहा. स्वतःच्या दुःखाबद्दल मुलाइतकं प्रत्यक्ष ज्ञान दुसऱ्या कुणाला असणार? त्या एका विषयात मूल आप्तच आहे.

आता आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास सोपा जाईल. आपल्या सार्वजनिक शाळांनी अनुमानाची साधनं वाढवत नेली: परीक्षा, चाचण्या, तक्ते, सर्वेक्षणं. शब्दाचं साधन, म्हणजे मुलाचं ऐकून घ्यायला ज्याच्याजवळ वेळ आहे असा माणूस, हे मात्र आपण पावणेदोनशे वर्षं योगायोगावर सोडलं.

सुरुवात 1855 पासून करू. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. त्या वर्षी तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. शीर्षकातच ‘दुःख’ हा शब्द आहे, तो लक्षात ठेवू. किशोरवयातली मुलगी आपल्या लोकांच्या वाट्याला काय आलं ते लिहिते, शाळा ते लिहू देते आणि एक नियतकालिक ते छापतं. आजच्या भाषेत बोलायचं तर विद्यार्थिनीनं आपलं म्हणणं मांडलं आणि मोठ्यांनी ते प्रमाण मानलं. आपल्याकडच्या शालेय मानसिक आरोग्याचा इतिहास कुणी लिहायला बसलं, तर पहिला कागद हाच ठेवावा लागेल. आणि एक बारकावा. हे दुःख त्या मुलीच्या डोक्यात बिघाड झाल्यामुळं आलेलं नव्हतं. ते बाहेरून आलेलं होतं, व्यवस्थेतून. या मुद्द्याकडे आपण शेवटी परत येऊ.

पण फुल्यांची शाळा हा अपवाद होता. सर्वसाधारण शाळा कशी होती? आधी पंतोजींची, तिथं ओणवं उभं करणं, अंगठे धरायला लावणं ही नेहमीची गोष्ट. मग सरकारी खात्याच्या शाळा आल्या, आणि त्यांच्याबरोबर आला तपासनीस. डेप्युटी इन्स्पेक्टरचा आपल्या लोकांनी ‘दिपोटी’ केला. दिपोटीसाहेब येणार म्हटलं की शाळा सारवून घ्यायची, मुलांना धुतलेले कपडे घालून यायला सांगायचं, कविता घोकून घ्यायच्या.

या धास्तीमागं एक आर्थिक यंत्रणा होती, ती समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये 1862 साली निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. तपासनीस येणार, मुलांची वाचन-लेखन-गणितात परीक्षा घेणार, जितकी मुलं पास तितके पैसे शाळेला. मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांसाठी हे तत्त्व वापरलं गेलं. आता विचार करा, अशा दिवशी वर्गात सर्वांत घाबरलेलं कोण असेल? मास्तर. त्याची भाकरी मुलाच्या उत्तरावर ठरणार. मग तो मुलाकडे बघणार तो पैशाचं साधन म्हणून, आणि अडखळणारं मूल म्हणजे त्याच्या दृष्टीनं नुकसान. परीक्षेची भीती वरून खाली उतरत जाते: खात्याकडून तपासनीसाकडे, तिथून मास्तराकडे, तिथून मुलाकडे. मुलाच्या खाली मग कुणी उरत नाही. इंग्लंडनं ही पद्धत त्याच शतकाच्या अखेरीस सोडली. तिनं लावलेली सवय मात्र आपल्याकडे राहिली. शाळा चांगली की वाईट हे आजही आपण निकालाच्या टक्केवारीवरूनच विचारतो.

1882 मध्ये हंटर आयोगापुढं फुल्यांनी निवेदन दिलं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी मागितलं हे आपण सगळे जाणतो. त्याच निवेदनात शिक्षकाबद्दल जे आहे ते कमी वाचलं जातं. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला निदान बारा रुपये पगार असावा, आणि तो शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातला असावा, कारण तो लोकांत मोकळेपणानं मिसळेल आणि त्यांच्या गरजा त्याला कळतील. मुलाच्या घरचं ज्याला कळत नाही त्याला मूल कळणार नाही, हा त्यातला अर्थ. पगार आणि जवळीक या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या, ही फुल्यांची व्यवहारबुद्धी.

शाळा स्वतःच दुःखाचं कारण कशी होते याचं उदाहरण साताऱ्याचं. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की त्यांना वर्गात इतरांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. 7 नोव्हेंबर 1900 हा त्यांच्या साताऱ्यातल्या शाळाप्रवेशाचा दिवस आता महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. भाषणं होतात, चांगलं आहे. पण त्या दिवशी प्रत्येक शाळेनं स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: आज आपल्या वर्गात कुणाचं गोणपाट वेगळं आहे? ते आता डोळ्यांना दिसणारं नसेल. आडनावाचं असेल, बोलीचं असेल, आजाराचं असेल, पोरगं मुलींसारखं चालतं म्हणून असेल.

यानंतरचा काळ आशेचा आहे. 1924 हे वर्ष घ्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये एक तरुण शिक्षक रुजू झाला. त्याआधी तो तिथल्याच तत्त्वज्ञान मंदिरात होता. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना जरा बोचणारी गोष्ट आहे ही, कारण तो मंदिर सोडून शाळेत गेला आणि तिथंच रमला. हे पांडुरंग सदाशिव साने. त्यांच्याकडे छात्रालयाचं काम आलं. गावोगावहून आलेली मुलं, घरच्या आठवणीनं कासावीस. साने गुरुजी त्यांच्या खोल्या आवरून ठेवत, आजारी मुलाजवळ बसत, आणि मुलांसाठी हातानं लिहून एक दैनिक काढत. 1930 मध्ये स्वातंत्र्यचळवळीत उतरेपर्यंत हे चालू होतं. हस्तलिखित दैनिक, खर्च शून्य. मुलाला रोज कळतं की आपल्यासाठी कुणीतरी बसून लिहिलं आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिचा एक नातेवाईक आपल्याला नव्वदएक वर्षांनी बिहारमध्ये भेटणार आहे.

त्याच 1924 मध्ये साताऱ्यात भाऊराव पाटलांचं वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतात, एकत्र रांधतात, एकत्र जेवतात. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. गोणपाट वेगळं ठेवणाऱ्या शाळेला त्याच गावातून मिळालेलं हे उत्तर होतं. पुढं ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांना सोबत घेऊन आदिवासी पाड्यांवरच्या लहान मुलांसाठी काम उभं केलं. मूल शाळेत का येत नाही, असा जाब मुलाला विचारण्याऐवजी त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. आजची ‘अंगणवाडी’ तिथून आली.

ही माणसं मोठीच होती. पण इथं एक धोका आहे. असल्या गोष्टी सांगितल्या की सभागृहात डोळे ओले होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘आता असे शिक्षक राहिले नाहीत हो.’ इतिहास असं सांगत नाही. तेव्हाही असे शिक्षक विरळाच होते, म्हणून तर त्यांची नावं राहिली. हजारो शाळांची व्यवस्था साने गुरुजींच्या भरवशावर चालत नसते. संत नेमता येत नाहीत. समुपदेशक नेमता येतो. प्रश्न असा की आपण तो का नेमला नाही?

याचं उत्तर शोधायला जरा परदेशात जाऊन यावं लागेल, कारण शाळेतल्या मानसशास्त्राचा उगम तिकडचा. 1896 मध्ये फिलाडेल्फियात लाइटनर विटमर यांनी पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं. त्यांच्याकडे पहिलं मूल आणलं ते एका शाळाशिक्षिकेनं. हुशार वाटणारा, पण स्पेलिंग काही केल्या न जमणारा मुलगा. विटमरनी तपासलं तर डोळ्यांचाही दोष निघाला. पुढं 1905 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. तिचा मूळ हेतू सक्तीच्या सार्वजनिक शिक्षणात मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत देणं हा होता. पण माप हातात आलं की माणसाला प्रतवारीचा मोह होतो. आंबे वेगळे काढावेत तशी मुलं वेगळी काढायला ते वापरलं जाऊ लागलं.

हे माप आपल्याकडेही आलं. वि. वि. कामत यांनी बिनेच्या कसोट्यांचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1940 चा. परदेशी प्रश्न तसेच न लादता इथल्या मुलांवर पारखून घेतले, हे त्या काळात मोठंच काम होतं. त्याच सुमारास, 1937 मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेनं, म्हणजे आजच्या ‘टिस’नं, बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. देशातलं ते पहिलं. तिथं मुलाशी बोलणं होतं, आईबापांशी बोलणं होतं, समाजकार्यकर्ता घरी जाऊन येत असे. म्हणजे अनुमान आणि शब्द दोन्ही एका छपराखाली होते. ही रीत शाळांत उतरली असती, तर आजचं व्याख्यान वेगळं झालं असतं.

प्रत्यक्षात काय झालं? स्वातंत्र्यानंतर ‘मार्गदर्शन’ हा शब्द शिक्षणखात्यात आला खरा, पण ‘व्यवसाय’ हे विशेषण लावून. 1950 मध्ये मुंबई सरकारनं व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं, 1954 मध्ये दिल्लीत केंद्रीय कार्यालय झालं. देश उभारायचा होता, माणसं हवी होती. मुलाचा कल ओळखून त्याला योग्य कामाला लावणं ही निकड समजण्यासारखी होती. पण त्यामुळं शाळेनं मुलाला विचारायचा प्रश्न कायमचा ठरून गेला: ‘तू पुढं काय होणार?’ ‘आज तुला कसं वाटतंय?’ हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात बसला नाही. 2016 मध्ये महाराष्ट्रात दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी आली, ती याच वाटेवरची. चाचणी वाईट नव्हती. फक्त तीही मोजणारीच होती.

मधल्या काळात एक दार उघडलं होतं. 1964 ते 66 या कोठारी आयोगाच्या अहवालात मार्गदर्शन आणि समुपदेशनावर स्वतंत्र विचार आहे. दोन शिफारशी पाहा. एक, मार्गदर्शनाची सुरुवात प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून व्हावी. दोन, प्रत्येक माध्यमिक शाळेला स्वतंत्र समुपदेशक परवडणार नसेल तर निदान दहा शाळांमागं एक फिरता समुपदेशक असावा. दहा शाळांमागं एक! साठ वर्षांपूर्वीच्या गरीब देशानं केलेला हिशेब आहे हा. बाकी बऱ्याच शिफारशी अमलात आल्या. दहा अधिक दोन अधिक तीन आलं, महाराष्ट्रात नव्या धर्तीची पहिली दहावी 1975 मध्ये झाली. म्हणजे परीक्षेची शिडी उभी राहिली. शिडीखाली उभा राहणारा माणूस मात्र कागदावरच राहिला.

पुढं शिडीचा ताण दिसू लागला. 1993 मध्ये यशपाल समितीनं ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला. चर्चा दप्तराच्या वजनाची झाली, कारण वजन काट्यावर ठेवता येतं. समितीचं म्हणणं वेगळं होतं: न समजण्याचं ओझं हे दप्तराच्या ओझ्यापेक्षा भारी आहे. वर्गात तास-दीड तास काहीही न कळता बसून राहणं, आणि कळत नाही हे सांगायची सोय नसणं. रोज हे सोसणारी मुलं आपल्या शाळांत किती असतील? इथं पुन्हा तोच मुद्दा येतो, सांगायची सोय.

मग कायद्यानं काही पावलं टाकली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली. पंतोजींच्या काळापासूनचा हा केवढा पल्ला आहे बघा. 2015 पासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांची फेरपरीक्षा जुलैमध्येच होऊ लागली आणि वाया जाणारं वर्ष वाचलं. मुलांच्या मनासाठी हा एक प्रशासकीय निर्णय कित्येक भाषणांपेक्षा मोलाचा ठरला असेल. परीक्षेच्या हंगामात दूरध्वनीवर समुपदेशन सुरू झालं. 2020 मध्ये केंद्राचं ‘मनोदर्पण’ आलं, 2022 मध्ये ‘टेलि-मानस’ आलं. त्याचा क्रमांक 14416, तो लिहून ठेवा आणि घरातल्या मुलांना द्या. रात्री-अपरात्री कुणाला बोलावंसं वाटलं तर तो उपयोगी आहे.

याच 2022 मध्ये एनसीईआरटीनं सहावी ते बारावीच्या 3,79,842 मुलांना विचारून एक सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. 81 टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणं सांगितली. आकडा मोठा आहे, पण 1862 चं निकालावरचं अनुदान आठवलं तर तो नवा वाटत नाही.

आता बिहारला जाऊ. नालंदा जिल्हा. एकेकाळी जिथं महाविहारात वादविवाद चालत, त्याच जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळा. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्यात काम करते. तिच्या संशोधकांनी सत्तरहून अधिक शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटात नेहमीचाच कार्यक्रम. दुसऱ्या गटात एक नवा कार्यक्रम शिक्षकांकडून राबवला. तिसऱ्या गटात तोच कार्यक्रम, पण त्यासाठी वेगळा माणूस नेमला. हा माणूस मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. साधा, प्रशिक्षण दिलेला, त्या कामासाठीच शाळेत असणारा. त्याला नाव दिलं ‘सेहेर मित्र’. कार्यक्रमात काय होतं? मुलांच्या म्हणण्यासाठी पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं. भित्तिपत्रक ऐकल्यावर अमळनेरचं हस्तलिखित आठवलं ना?

निष्कर्ष 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. जिथं वेगळा माणूस होता तिथं शाळेचं वातावरण ठळकपणे सुधारलं, मुलांमधली दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. जिथं तोच कार्यक्रम शिक्षकांकडे दिला होता तिथं फारसा फरकच पडला नाही. कार्यक्रम एकच, जिल्हा एकच, मुलं त्याच वयाची. बदलला तो फक्त माणूस.

यावरून शिक्षक वाईट असा निष्कर्ष काढला तर तो अन्याय होईल. आम्ही आयुष्यभर शिक्षकांतच वावरलो. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब, रोज भरायची ऑनलाइन माहिती, आणि उरलेल्या वेळात अध्यापन. त्यात हे एक. दुसरं कारण अधिक खोल आहे. शिक्षकाच्या हातात गुण असतात. जो उद्या मला नापास करू शकतो त्याच्यापुढं मूल मन कसं उघडं करणार? दिपोटीपुढं मास्तर गप्प, मास्तरापुढं मूल गप्प. ऐकून घेणाऱ्याजवळ वेळ हवा, आणि त्याच्या हातात गुण नसावेत. नालंद्यानं हे सप्रयोग दाखवलं.

आणि आता अगदी अलीकडची घटना. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. शंभरपेक्षा कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी असावी. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत. कोठारी आयोगानं जी विनंती केली होती, तिला साठ वर्षांनी आदेशाचं बळ मिळालं.

आनंदाची गोष्ट आहे. पण शंभर या आकड्यापाशी जरा थांबू. आपल्या डोंगरातल्या, पाड्यांवरच्या, वस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचा पट किती असतो? दोन शिक्षक, तीस-चाळीस मुलं. वीसच्या आतल्या शाळाच महाराष्ट्रात हजारांनी आहेत. त्यांच्या वाट्याला ‘जोडणी’ येणार, आणि सरकारी भाषेत जोडणी म्हणजे बहुधा भिंतीवर चिकटवलेला एक क्रमांक. ज्या मुलाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि जे आजीजवळ राहतं, ते मूल त्या क्रमांकावर कुणाच्या फोनवरून बोलणार?

उपाय आपल्या व्यवस्थेतच आहे. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकापासून केंद्रशाळेची रचना आहे. साधारण दहा शाळांचं एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख. कोठारींचा आकडा आठवा: दहा शाळांमागं एक. प्रत्येक केंद्राला एक फिरता समुपदेशक द्या. तो आठवड्यातला ठरलेला वार त्या शाळेत असेल, त्या गावची बोली बोलेल, गुणपत्रकाला हात लावणार नाही. गंभीर दुखणं दिसलं तर जिल्हा रुग्णालयाकडे कसं न्यायचं हे त्याला ठाऊक असेल. आणि त्याची नेमणूक कायम असेल. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस मुलाला काय सांगणार, ‘पुढच्या वर्षी मी असेन’ असं?

दोन आक्षेप येतात, त्यांचा विचार करून संपवू. पहिला, पैसा कुठून येणार. नालंद्याचा माणूस तज्ज्ञ नव्हता, हे त्याचं उत्तर आहे; प्रशिक्षण आणि देखरेख यांवर खर्च होईल, पण तो आवाक्याबाहेरचा नाही. दुसरा आक्षेप आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही विचारी लोक म्हणतात, समुपदेशक आला की प्रत्येक मूल रुग्ण ठरेल आणि व्यवस्थेचा दोष मुलाच्या माथी मारला जाईल. भीती खरी आहे. मुक्ता साळवेला कुणी श्वासाचे व्यायाम शिकवून गप्प केलं असतं तर? साताऱ्याच्या गोणपाटावर बसणाऱ्या मुलाला ‘सकारात्मक विचार कर’ म्हटलं असतं तर? म्हणून समुपदेशकाचं काम ऐकण्यापाशी संपता कामा नये. जे ऐकलं त्यावर शाळेनं काय केलं, हे मुलाचं नाव झाकून विचारण्याचा हक्क त्याला हवा. पेटीतली चिठ्ठी वाचली गेली, एवढ्यानं भागत नाही. नळ उघडला गेला पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, ग्रामसभेत आपण सगळे असतो. पुढच्या बैठकीत शौचालय आणि कुंपणाच्या भिंतीबरोबर एवढा एकच प्रश्न विचारू या: या शाळेतल्या मुलाला काही सांगायचं असेल तर ते कुणाजवळ सांगेल, आणि कोणत्या वारी? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आणि वार आला, तर काम सुरू झालंय असं समजावं.

इथं थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.